पत्रा शिवणारी आत्या

स्वतःची चूक सापडली की लॉटरी लागल्यासारखी खूश होणारी माणसं जगात किती असतील मला माहीत नाही, पण सुरतेत एकच आहे आणि ती माझी सख्खी आत्या आहे. लिंबायतच्या मराठी शाळेत तिने उभा जन्म गणित शिकवलं. खानदेशातून लूमवर कामाला आलेल्यांच्या दोन पिढ्यांच्या मनात तिने त्रैराशिकाची धास्ती बसवली, आणि निवृत्तीनंतर पोरं संपली म्हणून ती आम्हा नातेवाइकांकडे वळली. आत्या सगळ्याला दहापैकी मार्क देते. लग्नपत्रिका आली तर शुद्धलेखनाचे मार्क कापून यजमानांना फोनवर कळवते. माझ्या बायकोच्या पुरणपोळीला लग्नानंतर अकरा वर्षांनी साडेसात मिळाले, तेव्हा बायकोने माहेरी पेढे पाठवले. बरं, स्वतःलाही तोच न्याय. एकदा तिच्याच हातून भाजीत मीठ दोनदा पडलं, तर ताट पुढ्यात घेऊन म्हणाली, "तीन. तेही भाजी एकसारखी चिरली म्हणून."

आत्याने लग्न केलं नाही, पण गाडी घेतली. नोकरीत असताना एका पारशी गृहस्थाकडून घेतलेली, गोल पाठीची, तेव्हाच बऱ्यापैकी म्हातारी असलेली गाडी. तिच्यात सात-सात पोरं कोंबून आत्याने शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बारडोलीला नेली आहेत. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण इथल्या दमट हवेने तळाचा पत्रा पार खाल्ला होता. ड्रायव्हरच्या पायाशी रस्ता दिसायचा. शेवटी सोसायटीच्या कमिटीने ठराव केला, की दिवाळीपर्यंत गाडी चालती झाली नाही तर ती भंगारात जाईल. आत्याने ठरावातल्या दोन चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि त्या दिवशी ती जेवली नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण साधं नाही.

मी बँकेतला माणूस. कुठलंही काम निघालं की त्याला माणूस लावावा, एवढंच मला येतं. मी शहरातल्याच पर्वत पाटिया भागातून एक वेल्डर आणला. त्याने वाकून पाहिलं आणि सांगितलं की वरून नवा पत्रा मारून देतो, खालचं सडलेलं कुणाला दिसणार नाही, संध्याकाळी गाडी बाहेर काढा. मला हायसं वाटलं. आत्याने त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. सडक्यावर चांगलं झाकणं म्हणजे रीत न लिहिता शेजाऱ्याचं उत्तर उतरवणं, असं तिचं मत पडलं. दुसरा आणतो म्हटलं, तर म्हणाली, "आणशील रे. पण तो काय करतोय ते मला कळायला नको? मीच शिकते." वय वर्षं अडुसष्ट.

वेल्डिंगच्या ठिणग्या सिंथेटिक कपड्यावर पडल्या तर ते वितळून अंगाला चिकटतं, म्हणून सुतीच घालायचं, एवढं तिने आधीच वाचून काढलं होतं. आता साऱ्या देशाला झुळझुळीत साड्या पुरवणाऱ्या या शहरात निव्वळ सुती मागणं म्हणजे मिठाईवाल्याकडे कारली मागणं. आम्ही दुकानामागून दुकानं पालथी घातली. आत्या प्रत्येक ठिकाणी कापडाचा एक धागा ओढायची, काडी लावायची आणि तो वितळून गोळा झाला की "नापास" म्हणून पायरी उतरायची. शेवटच्या शेठने हात जोडून "बेन, बीजे क्यांक जुओ", म्हणजे ताई, दुसरीकडे बघा, म्हटलं. अखेर माझ्या वडिलांचे जुने लेंगे कामी आले. लेंगा, जाड सदरा, कातडी हातमोजे आणि तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा अशी ती पार्किंगमध्ये उभी राहिली, तेव्हा वॉचमनने तिला कुणाला भेटायचंय म्हणून विचारलं.

शिकवायला मिळाला भटू. लिंबायतला जाळ्या आणि जिने करणारा, पन्नाशीला आलेला, टक्कल पडलेला गृहस्थ. नववीत आत्यानेच त्याला गणितात नापास केलं होतं आणि तिथेच त्याची शाळा सुटली होती. बाई दुकानात शिरलेल्या दिसताच त्याने बिडी मुठीतच विझवली. गुरू म्हणून त्याची अडचण एकच होती. बाई उभ्या असताना त्याला बसता येईना आणि बाई चुकल्या तर बोलता येईना. गाडीचा पत्रा पातळ असतो, हात जरा रेंगाळला की भोक पडतं. आत्याने पहिल्या दिवशी नुसती भोकंच पाडली. शेवटी कसाबसा एक सांधा जमला, तेव्हा तिने मार्क विचारले. भटू म्हणाला, "नऊ, बाई." आत्याने सांध्यावर हातोडी टेकवली आणि तुकडा पायाशी गळून पडला. त्यानंतर ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

पण ती रोज जात राहिली. भटूला तोंडाने सांगता येत नसे, तो हाताने दाखवी: एक टाका इथे, दुसरा लांब तिकडे, मधे पत्रा निवू द्यायचा, नाहीतर तापून वाकतो. हे तर शिवणातले कच्चे टाके, असं म्हणून आत्याने ते लगेच उचललं. एकदा मुखवटा वर असतानाच ठिणगी पेटली आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग झाली. दोन्ही डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून ती आडवी पडली आणि त्या दिवशीच्या चुका तिने मला लिहून घ्यायला लावल्या. सोळा चुका निघाल्या. ती बेहद्द खूश होती.

हात बसल्यावर काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीपाशी आलं. सडलेला भाग वीतवीत कापत, तिथे नवा पत्रा शिवत एकूण पाच महिने गेले. दिवाळीला चार दिवस उरले होते, कमिटीने भंगारवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. शेवटचा सांधा ड्रायव्हरच्या पायाखालचा. भटू बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला, बराच वेळ तिथेच राहिला आणि बाहेर येऊन जमिनीकडे बघत बसला.

"सांग," आत्या म्हणाली.

"तुमले कसं सांगू, बाई." त्याने बॅटरी विझवली. "हाई पास नही शे."

आत्याचा चेहरा उतरला होता. असा तो मी आजवर पाहिला नव्हता. भटूने तोवर ग्राइंडर उचललासुद्धा. "चला बाई. कापीसन पुन्हा करूत. मी बॅटरी धरस."

आत्या जागची हलली नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "भटू, तुला नापास केलं तेव्हा मी हे केलं नाही रे. लाल रेघ मारली आणि पुढची वही ओढली."

भटूने मुखवटा पुसून तिच्या हातात दिला. दुपारभर दोघं गाडीखाली होती. दुसरा प्रयत्नही फसला. तिसऱ्यांदा केलेल्या सांध्यावर भटूने हातोडीचे घाव घातले, अगदी दात-ओठ खाऊन घातले, आणि सांधा तसूभर हलला नाही. आत्याने मार्क विचारले नाहीत.

धनत्रयोदशीच्या सकाळी गाडी गेटबाहेर पडली. ही माझ्या आत्याने जोडली आहे, हे मी बँकेत येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, त्याने विचारलेलं नसलं तरी. त्या सकाळी आत्या गाडी चालवत होती, भटू तिच्या शेजारी अंग चोरून बसला होता आणि मी मागे. लिंबायतला शाळेपाशी आल्यावर तिने वेग कमी केला. सुटी असल्यामुळे फाटक बंद होतं. भटू मान वळवून ते मागे पडेपर्यंत बघत राहिला, आणि आत्या समोरच्या रस्त्याकडे.