नातीचा विषय

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या लंडनमधल्या एजवेअरच्या घरी होतं. नात तिळगूळ वाटत होती. माझ्या एका मैत्रिणीने तिला विचारलं, "काय गं, कॉलेजात काय घेतलंयस?" नातीच्या आधी मीच बोलले, "सायन्स. डॉक्टर व्हायचंय तिला." खरं तर पोरीने हौसेने सायकॉलॉजी घेतलंय. पण ते नाव काढलं की आमच्या बायका "म्हणजे वेड्यांचं का?" म्हणत हसतात, तेव्हा मी आपलं खोटंच बोलून गेले.

नात म्हणाली, "नाही काकू, सायकॉलॉजी. शाळेत जायला घाबरतात ना, त्या मुलांबरोबर काम करायचंय मला." कुणी हसलं नाही. मला मात्र मान वर करवेना.

निघताना तीच मैत्रीण नातीला जिन्यापाशी घेऊन गेली. बराच वेळ हळू आवाजात बोलली, डोळे पुसले आणि गेली. भांडी आवरताना मी विचारलंच, "काय सांगत होती गं?"

"आजी, त्यांनी मला विश्वासाने सांगितलं. तुला कसं सांगू?"

मी तिच्याकडे न बघताच म्हटलं, "मघाशी चुकलं माझं."

"हो, चुकलं," ती म्हणाली. "तो डबा दे इकडे."