कामथडीचा कंट्रोल ग्रुप

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षी रिसर्च प्रोजेक्ट करावा लागतो. तो काळ्या कव्हरात बांधून लायब्ररीत जातो आणि तिथून पुढे त्याला कोणी हात लावत नाही. पण तो करताना जे जे घडतं, ते ना 'निष्कर्षा'त मावतं ना 'परिशिष्टा'त. ते आमच्याबरोबर हॉस्टेलवर येतं, मग नोकरीच्या ठिकाणी, आणि आता तर वॉर्डात चहाच्या वेळी कोणी नुसतं 'गुडघा' म्हटलं तरी मला हसू फुटतं. नवीन पोरी विचारतात, काय झालं? मग सांगावंच लागतं.

*

सुरुवात मॅडमपासून. आमच्या गाईड मॅडमना सगळं कॉलेज 'पुरावा मॅडम' म्हणायचं. कारण कुणी काहीही सांगितलं की त्या चष्म्यावरून बघत एकच शब्द विचारायच्या, "पुरावा?"

आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. वॉर्डात एका अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची टाच लाल झालेली. एक सिनियर सिस्टर ती स्पिरिटनं खसाखसा चोळायला सांगत होत्या. मॅडम म्हणाल्या, लाल झालेली जागा चोळू नका, आतली कातडी आणखी दुखावते. सिस्टर म्हणाल्या, आम्ही पहिल्यापासून असंच करतोय. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मग पहिल्यापासून जखमा किती होतात, तेही बघू या." त्या दिवसापासून मी मॅडमची भक्त झाले.

कॅन्टीनवाले काका मात्र त्यांना पुरून उरायचे. मिसळ ताजी आहे, असं ते एकदा म्हणाले. मॅडमनी नुसतं वर बघितलं. काका म्हणाले, "मॅडम, कालची मीच खाल्ली. सकाळपासून पोट धरून बसलोय. अजून काय पुरावा पायजे?"

*

आमचा तिघींचा ग्रुप. मी, भोरची प्रज्ञा आणि कामथडीची सारिका. विषय ठरला गुडघेदुखीचा. नर्सनं घरी जाऊन सोपे व्यायाम शिकवले, तर बायकांचं दुखणं कमी होतं का? एका गावात शिकवायचं, दुसऱ्या गावात नुसतं मोजायचं आणि शेवटी तुलना करायची. ज्यांना नुसतं मोजायचं तो कंट्रोल ग्रुप. अभ्यास संपला की त्यांनाही शिकवायचं, पण तोवर तोंडातून अक्षर काढायचं नाही.

गावं ठरली किकवी आणि कामथडी. कुठलं गाव कशात, यासाठी मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या. प्रज्ञानं चिठ्ठी उचलली. व्यायाम किकवीला. कामथडी कंट्रोल.

सारिकानं तेवढं वहीत लिहून घेतलं. नंतर बसस्टॉपवर मला म्हणाली, "आता तांबू जाणार."

तांबू म्हणजे त्यांची गाय. सारिकाच्या आईचे, म्हणजे आमच्या काकूंचे गुडघे इतके दुखायचे की धार काढायला उकिडवं बसवत नव्हतं. दुसऱ्या कुणाचा हात लागला की तांबू पान्हा चोरायची. काकूंनी स्टुलावर बसून बघितलं, तर तिनं लाथ घालून स्टूलच उडवलं. घरात ठरलं होतं की गावची जत्रा झाली की गाय विकायची. आमचा अभ्यास मात्र जत्रेनंतर संपणार होता.

*

बरं, काकूंना यादीतच घेतलं नसतं तर? मॅडमचंही तेच मत होतं. पण कामथडीत बायका कमी पडत होत्या आणि काकू सगळ्या अटींत बसत होत्या. शेवटी मॅडम तयार झाल्या, पण दोन बोलींवर. काकूंची मोजमापं मी घ्यायची, आणि सारिकानं आईशी गुडघा या विषयावर एक शब्द बोलायचा नाही. सारिकानं शब्द दिला. ही मुलगी शब्दाची पक्की. उसनी घेतलेली टाचणीसुद्धा परत करणारी.

*

संमतीपत्रावर सह्या घ्यायच्या होत्या. किकवीत एका मावशींच्या नवऱ्याला वाटलं, जमिनीचा कागद आहे. तो दारातच आडवा उभा. प्रज्ञानं त्याला बाजूला बसवून मावशींना सगळं वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य होतं, तुम्हाला वाटेल तेव्हा यातून बाहेर पडता येईल, कुणीही कारण विचारणार नाही.

मावशी म्हणाल्या, "परत वाच."

प्रज्ञानं परत वाचलं.

मावशींनी नवऱ्याकडं एकदा नीट बघून घेतलं. म्हणाल्या, "लग्नात असलं कुणी वाचून दावलं न्हाई. आण पेन."

*

दुखणं मोजायला आमच्याकडं पट्टी होती. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. पुस्तकात फार सोपं वाटतं. किकवीतल्या एका आजींना विचारलं, आज किती? त्यांनी आधी स्वयंपाकघराकडं कान दिला. सून भांडी घासत होती.

"धा," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

सून पाण्याला गेली. आजी माझ्याकडं वाकून म्हणाल्या, "तीन लिव्ह. आन् लेकीकडं गेल्यावर इचारशील तर शून्य."

मी वैतागून मॅडमना फोन केला. यातलं खरं कुठलं धरू? मॅडम म्हणाल्या, पुढच्या वेळी सून घरात नसताना जा आणि दर वेळी तसंच जा. एवढ्या साध्या गोष्टीवर मी तासभर पुस्तकं उलटीपालटी केली होती.

*

कामथडीत आमचं स्वागत दिवसेंदिवस थंड होत गेलं. दर आठवड्याला जायचं, गुडघ्याची सूज टेपनं मोजायची, बसायला-उठायला लावायचं, लिहून घ्यायचं आणि परत निघायचं. किकवीच्या बायका नसरापूरच्या बाजारात भेटायच्या आणि चढ कसा चढतो ते कामथडीच्या बायकांना चालून दाखवायच्या. व्यायाम मात्र सांगायच्या नाहीत, कारण तशी त्यांच्याकडून आम्ही शपथ घेतली होती. चिडवायचं नाही, अशी शपथ घ्यायचं राहून गेलं.

एकदा नसरापूरहून शेअर रिक्षात बसले, तर समोर कामथडीच्या दोघी. त्यातल्या एकीनं सगळ्या रिक्षाला ऐकू जाईल असं विचारलं, "का गं पोरी, आमची मापं घिऊन महिना झाला. कापड कदी बेतनार?"

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं. त्या उतरायच्या आधीच मी उतरले आणि पुढं चालत गेले.

*

मग माझं मॅडमशी भांडण झालं. मी सरळ केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, आपल्या हातात उपाय आहे आणि आपण नुसतं मोजत बसलोय. एका बाईची गाय जाईल. हे कसलं शास्त्र?

"उपाय आहे हे तुला माहीत आहे?"

"मला वाटतं."

"चोळायला सांगणाऱ्या सिस्टरनाही वाटत होतं."

मी जास्तच चिडले. मॅडमनी मला बसवलं. म्हणाल्या, काकूंना सांग, बाहेर पडायचा हक्क त्यांनाही आहे. आज बाहेर पडल्या तर आजच शिकवू.

मी तशीच एसटी पकडून कामथडीला गेले. काकू गोठ्यात शेण काढत होत्या, दर वेळी वाकताना दावणीचा खुंटा धरून. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"बायका कमी पडत्यात म्हनून मला घेतलं ना?"

"हो."

"मग म्या उठले तर सारीचं काम नडंल. न्हाई बाई. जाईल तर जाऊ दे तांबू."

एवढं बोलून त्या तांबूच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले.

*

आता सारिका पुण्यात आयसीयूत आहे. प्रज्ञा शिकवते. मॅडम निवृत्त झाल्या. मी इथेच, भोरला. परवा एका नव्या सिस्टरनं बाळाच्या नाळेला पावडर लावायला घेतली, तेव्हा माझ्या तोंडून चष्म्यावरून बघितल्यासारखंच निघालं, "पुरावा?" मला तर चष्माही नाही. घरी येऊन तिघींच्या ग्रुपवर हे टाकलं. सारिकानं उत्तर म्हणून नुसतं गाईचं चित्र पाठवलं.

*

कारण कामथडीतली शेवटची मोजणी.

जत्रा होऊन गेली होती. व्यापारी दुसऱ्या दिवशी येणार होता. शेवटची फेरी म्हणून स्वतः मॅडम आल्या होत्या. बायका रानातून परतल्यावर, दिवस कलताना आम्ही सारिकाच्या घरी पोचलो. सारिका दाराबाहेर उभी राहिली, ठरल्याप्रमाणे.

मॅडमनी काकूंना जमिनीवर बसून उठायला सांगितलं. काकू बसल्या. माझ्यासमोर दर वेळी भिंत धरायच्या, आज हात न लावता उठल्या.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. दाराकडं बघितलं.

सारिका पांढरीफटक. "मॅडम, मी आईशी एक शब्द बोलले नाही."

"पोर खरं बोलतीया," काकू म्हणाल्या. "माज्याशी न्हाईच बोलली. दर शनवारी यायची आन् गोठ्यात उभी ऱ्हाऊन तांबूला सांगायची, पाय सरळ कर, दम धर, आता सावकाश खाली सोड. जनावराला काय कळतंय? म्या आपली शेन काढत तितंच."

मॅडमनी समोरच्या कागदावर काकूंच्या नावावर सावकाश एक रेघ ओढली. ही माहिती आता धरता येणार नाही, एवढंच म्हणाल्या. मग चष्मा नाकावर खाली घेतला.

"आणि गुण आला म्हणता, त्याला पुरावा?"

काकूंनी कोनाड्यातली चरवी उचलली आणि बाहेर गेल्या. आम्ही ऐकत होतो. तांबू एकदा हंबरली. मग गोठ्यातून, रिकाम्या चरवीच्या बुडावर, पहिली धार वाजली.