मुंगवड्यांचं मशीन आणि नागपूरची बाई

आमचे हे मलकापूरला एका डाळमिलमध्ये मॅनेजर. मिलमध्ये मुंगवड्यांचं मशीन आणायची कल्पना यांचीच. भिजवलेल्या मुगाच्या वड्या मशीननं पाडायच्या, वाळवायच्या आणि पाकिटं दुकानांत पाठवायची. पण वडी वरून कडक, आतून ओलीच राहायची. बुरशी आली म्हणून पाकिटं परत येऊ लागली. मालक काही बोलत नव्हते, पण यांची झोप उडाली, जेवण सुटलं.

मी कितीदा म्हटलं, "अहो, बंद करा ना थे. वडीले ऊनच लागते."

"तुले काय समजते धंद्यातलं? एक सीझन जाऊ दे."

असे किती सीझन गेले! चांगली उरलेली पाकिटं घरी यायची आणि आम्ही मुंगवड्यांचा रस्सा खात बसायचो. पोरीनं तर शेवटी ताटच सरकवलं.

मग मालकांनी नागपूरहून एक सल्लागार बाई बोलावली. फसलेल्या कामातून मॅनेजर लोकांना बाहेर काढणं, हाच म्हणे तिचा धंदा. वय माझ्याएवढंच. इस्त्रीची कॉटनची साडी, केस कापलेले, चष्मा डोक्यावर. मी डबा घेऊन मिलमध्ये गेले तेव्हा केबिनचं दार अर्धं उघडं होतं. ती यांना विचारत होती, "साहेब, हे मशीन तुमच्याकडे नसतं, तर आज घेतलं असतं का?"

हे म्हणाले, "नसतं घेतलं."

आणि रडायला लागले! स्वतःचा बाप गेला तेव्हा डोळ्यांतून टिपूस न काढलेला माणूस! तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला. माझ्या अंगाची नुसती आग झाली. डबा तिथल्याच स्टुलावर आदळला अन् घरी आले.

संध्याकाळी हे हसत आले. "सांगतलं मालकाले, मशीन बंद. बाई हुशार आहे हो."

"हाव, लय हुशार! मी इतके दिवस बोंबलून राह्यली होती, तवा माह्यं काऊन नाही ऐकलं?"

यांनी चपला काढल्या, पाय धुतले. मग हळूच म्हणाले, "थे उद्या गाडीत बसून चालली जाते. तिच्यापाशी चुकलो म्हटलं तरी चालते. तुह्यासंग मले रोज जेवाचं आहे."

आता यांना झोप लागते, दोन घास जास्त जातात. बरं झालं, असं मी चारचौघांत म्हणतेही. पण एवढ्या संसारात एकदाच हा माणूस मोकळा झाला, तो तिच्यासमोर. माझ्यापर्यंत आला तो डोळे पुसून.