अँटेनाच्या वायरला विणकराची गाठ

आमच्या टीव्हीचं चित्र बिघडलं की पहिला गुन्हेगार वारा, दुसरी माकडं आणि तिसरी मी. त्या संध्याकाळी मात्र बाबा कोणालाच सवलत द्यायला तयार नव्हते. त्या काळात इंदूरच्या कापड मिल्सचे भोंगे एकेक करून गप्प होत होते. बाबा मागावर काम करत ती मिलही बरेच महिने बंद होती. ती पुन्हा उघडणार की कायमची जाणार, याचा फैसला झालाय आणि तो भोपाळच्या बातम्यांत सांगतील, अशी खबर दुपारीच मोहल्ल्यात फिरली होती. आणि आमच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या!

घरमालकांकडे नवीन केबल आली होती. आई म्हणाली, "त्यांच्याकडेच जाऊन बघा ना."

"दुसऱ्याच्या सोफ्यावर बसून ही खबर ऐकू का मी?" बाबा म्हणाले.

मला ते अगदी पटलं. मी छतावर चढले.

अँटेना फिरवला. खालून आईचा आवाज आला, "आलं... गेलं!" पाइप सरळ केला. "आलं... अरे, गेलं!" दिशेचा दोष असता तर एकदा आलेलं चित्र टिकलं असतं. हे वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर जात होतं, म्हणजे वायरच कुठेतरी सैल होती. अँटेनाचे स्क्रू घट्ट होते. मग वायर चाचपत चाचपत कठड्यापर्यंत आले आणि बोटं गाठीवर थांबली. गाठ दाबली की "आलं!", सोडली की "गेलं!"

गाठ बाबांची होती. माकडांनी वायर तोडली तेव्हा बाबांनी, मागावर तुटलेला धागा जोडतात तशी, विणकराची गाठ मारली होती. इतकी सुबक, की आईने शेजारणींना वर नेऊन दाखवली होती. सुताला तेवढी गाठ पुरते. वायरच्या आतली तार मात्र तारेला घट्ट पिळावी लागते, आणि बाबांनी ती टोकं एकमेकांना नुसती टेकवून ठेवली होती.

मी कठड्यावरून ओरडले, "बाबा, गाठ कापावी लागेल!"

बाबा अंगणात आले. "वो गाँठ मी मारलीय बेटा. सुटने का सवाल ही नहीं."

"सुटली नाहीये! आत तार तारेला लागत नाहीये!"

"सारी उमर हेच काम केलंय मी!"

एवढ्यात खाली बातम्यांची धून वाजली. माझं डोकंच फिरलं. जीव टांगणीला लागलाय ज्या बातमीसाठी, ती निघून चाललीय, आणि हा माणूस गाठीचा मान सांभाळत उभा! पण मी पुढे काही बोलायच्या आत आईने बाबांना न विचारता कात्री वर फेकली.

मी गाठ कापली. दातांनी प्लास्टिक सोललं, आतल्या दोन तारांची तुटलेली टोकं आपापल्या जोडीला पिळली, आणि दोन्ही जोड एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये चिंधी गुंडाळली. या वेळी खालून "आलं" ऐकू आलं नाही. धावत उतरले.

चित्र आलं होतं. निवेदिकेच्या साडीचा काठसुद्धा स्वच्छ दिसत होता. मिल उघडणार नाही, मशिनरी विकली जाईल, असं ती सांगत होती. मग ती कुठल्याशा उद्घाटनाच्या बातमीकडे वळली. मला तिचा भयंकर राग आला, जणू गेटला टाळं तिनेच लावलं होतं.

टीव्ही कोणीच बंद केला नाही. मिल बंद असली तरी बाबा रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जाऊन बसत. उघडेल त्या दिवशी आपण हजर पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आईने हळूच विचारलं, "मग उद्या डबा नको ना?"



"कर," बाबा म्हणाले. "गेटवर बसणाऱ्या सगळ्यांकडे टीव्ही कुठे आहे? किसी को तो जाऊन सांगायला पाहिजे."