तटस्थ मोघे

“मिस, ज्या फ्रान्सने स्वातंत्र्याच्या लढाईत मदत केली, त्याचंच ब्रिटनशी युद्ध जुंपल्यावर अमेरिका म्हणाली, आम्ही न्यूट्रल?” माझ्या वर्गातल्या टायलरला हे अजिबात पटत नव्हतं.

“नवं राष्ट्र होतं. आधी स्वतःचं घर सावरायचं होतं,” मी समजावलं.

कॅनडातल्या मिसिसागाच्या एका हायस्कूलमध्ये मी अकरावीला अमेरिकेचा इतिहास शिकवत होते. विषय ऑप्शनल, म्हणजे शाळेच्या मनात असेल तोवर चालणारा. अमेरिकेशी टॅरिफचं, म्हणजे आयातकराचं भांडण सुरू झालं आणि अमेरिकेचं नाव काढलं की पालकांच्या कपाळावर आठ्या पडायला लागल्या. विषय ठेवायचा की नाही, यावर प्रिन्सिपलबाईंनी आमच्या डिपार्टमेंटची मीटिंग बोलावली. विषय गेला तर मी ‘सरप्लस’ होणार होते. म्हणजे नोकरी राहते, शाळा सुटते. या शाळेत माझा जीव गुंतला होता.

भूगोलाचे मोघे माझे हक्काचे माणूस. नागपूरहून आल्यावर पहिला विंटर त्यांनी आमच्या बेसमेंटमध्ये काढला. डबाही आम्ही एकत्रच खायचो. भरली वांगी असली की माझ्या वाट्याला रस्साच उरायचा.

मीटिंगमध्ये मी म्हटलं, “पुढे अमेरिकेने युरोपला बजावलं, इकडे नव्या वसाहती करू नका. आधीपासून आहेत त्यांना आम्ही हात लावणार नाही. त्या आधीच्या वसाहतींत आपला कॅनडाही होता. शेजारी आपल्याकडे कसा बघत आलाय, हे मुलांना आत्ता नाही तर कधी सांगायचं?”

हात वर झाले. मतं समसमान पडली. मोघ्यांचे दोन्ही हात टेबलाखाली.

“मिस्टर मोघे?”

“आय विल स्टे न्यूट्रल.”

टाय झाला की निर्णय प्रिन्सिपलचा. विषय गेला.

मी त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. “अहो मोघे, एक हात वर करायला काय जात होतं?”

“ताई, रागावू नका. मी अजून नवीन आहे इथे. प्रिन्सिपलशी कशाला वाकडं घ्यायचं? भूगोल कंपल्सरी आहे, आपलं निभतंय.”

टायलरला मी दिलेलं उत्तरच ते. वर्गात किती शहाणपणाचं वाटलं होतं! तिथे उभ्या उभ्या मला रडू आलं.

सप्टेंबरपासून मी दुसऱ्या शाळेत आहे. डबा गाडीत बसून एकटीच खाते.

परवा मोघ्यांचा फोन आला. नववीचा भूगोल कंपल्सरी, पण त्यांचा बारावीचा ऑप्शनल. तो आता बंद करायचं चाललंय.

“ताई, एका मतावर अडलंय हो. तुम्ही असता तर...”

“असते तर हात वर केला असता.”

खरंच केला असता. म्हणून तर वाईट वाटतं.

अमेरिकेला तटस्थ राहणं परवडलं, कारण मध्ये अख्खा समुद्र होता. मोघ्यांचा वर्ग आणि प्रिन्सिपलचं ऑफिस यांच्यामध्ये फक्त एक कॉरिडॉर आहे. इतके दिवस एकत्र जेवलो, पण एवढं सांगायचं राहूनच गेलं.