पावणेआठ फूट कमी

त्र्यंबकराव रिसबूड यांना खोटं बोलता येत नसे, आणि त्याचा त्यांना फारसा अभिमानही नव्हता. काहींना पोहता येत नाही, तसं ते. न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहायचे आणि जवळच्या एका प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रं तपासायचे. दुसऱ्यांचे काटे, घड्याळं, दाबमापक खरं बोलतात की नाही हे बघायचं, हा त्यांचा धंदा. स्वयंपाकघरातला काटाही त्यांनी दोनदा नीट करून दिला होता. "आता माझं मीठ तेवढं तपासायचं राहिलंय," असं त्यांच्या पत्नी शैलाताई म्हणत.

अशा माणसाची वॉल्टशी दोस्ती का व्हावी, हे कोणाला कळत नसे. वॉल्ट चौसष्ट वर्षांचा, शाळेची बस चालवणारा, बायको वारलेला. पण त्याचं नाव एकदा छापून आलं होतं. १९६९ साली तो एका मोटारींच्या मासिकासाठी गाड्या पळवून बघायचा. साध्या घरगुती गाडीत राक्षसी इंजिन बसवून विकायचे ते दिवस. मसल कार म्हणत त्या गाड्यांना. गाडी उभ्या जागेवरून पाव मैल किती सेकंदांत जाते, यावर तिची इभ्रत ठरायची. वॉल्टने एका नारिंगी गाडीला पाव मैल १२.९७ सेकंदांत नेलं आणि मासिकाने तो आकडा मथळ्यात टाकला. तेरा सेकंदांच्या आत! ते पान चौकटीत घालून वॉल्टने दिवाणखान्यात लावलं होतं. त्याच्या बसमधल्या पोरांनासुद्धा तो आकडा पाठ होता.

त्या उन्हाळ्यात वेळ टिपायला जो परदेशी विद्यार्थी ठेवला होता, ते त्र्यंबकराव. सांगलीच्या कॉलेजातून नुकतेच आलेले, चोवीस वर्षांचे.

मासिक पुढे बंद पडलं. सतरा वर्षांनी, १९८६ च्या वसंतात, तिथल्या जुन्या गाड्यांच्या क्लबने वॉल्टला मानाचा फलक द्यायचं ठरवलं आणि माशी शिंकली. एका तरुण सभासदाने तशीच गाडी पळवून बघितली. तेरा पूर्णांक नऊच्या खाली ती येईना. त्याने क्लबच्या पत्रकात लिहून टाकलं की जुन्या मासिकांचे आकडे म्हणजे निव्वळ थापा. चिटणिसांनी वॉल्टला कळवलं, काही पुरावा असला तर आणा.

वॉल्ट तडक त्र्यंबकरावांकडे आला. "ट्रिम," तो म्हणाला. त्र्यंबक त्याला कधी उच्चारता आलं नाही. "तू कागद फेकत नाहीस. तुझी वही असेलच."

"वही आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "पण तो पोरगा अगदीच चुकीचं बोलत नाही रे. कंपनी गाडी द्यायची ती खास निवडून, इंजिनाचा कानाकोपरा तपासून. टायर तुला हवे ते. पहिला एक फूट फुकट, कारण गाडी पुढे सरकून रेषेवरचा प्रकाशकिरण तोडते तेव्हा कुठे घड्याळ सुरू होतं. वर सकाळची थंड हवा. आणि दहा वेळा पळवून त्यातला एकच आकडा छापायचा."

"ते सगळेच करायचे," वॉल्ट म्हणाला. "घड्याळाने काय दाखवलं?"

"बारा सत्त्याण्णव."

"मग झालं तर."

तो गेल्यावर त्र्यंबकरावांनी तळघरातल्या ट्रंकेतून वही काढली. हवेचं तापमान, वाऱ्याची दिशा, दहा फेऱ्यांचे दहा आकडे, सगळं नीट टिपलेलं. सातव्या फेरीसमोर १२.९७. पहिल्या पानावर मात्र एक ओळ होती: "धावपट्टी: २० मी. × २०."

वीस मीटर वीस वेळा, म्हणजे चारशे मीटर. जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवरच्या खुणा पुसल्या होत्या, म्हणून संपादकाने त्यांना पाव मैल आखायला सांगितला होता. त्यांनी देशातून आणलेली वीस मीटरची पोलादी टेप काढली आणि वीस वेळा टाकली. कॉलेजात असताना देशात मेट्रिक आलं, चारशे चाळीस यार्डांची शर्यत चारशे मीटर झाली, आणि खेळाचे सर दोन्हींना क्वार्टर माईलच म्हणत राहिले. तेच डोक्यात बसलेलं. पण पाव मैल म्हणजे चारशे दोन मीटर आणि वर तेहेतीस सेंटिमीटर! पावणेआठ फूट कमी. गाडी तेव्हा ताशी शंभर मैलांच्या वर असते. तेवढं अंतर कापायला पाच शतांश सेकंद लागतात. बारा सत्त्याण्णव नव्हेच. तेरा शून्य दोन.

त्यांनी तीनदा हिशेब केला, मग शैलाताईंकडून करवून घेतला.

"अहो, पण पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो," शैलाताई म्हणाल्या. "तुम्हाला कोणी विचारलंय का? त्या बिचाऱ्याकडे दुसरं आहे काय?"

"काही नाही. तेच तर." त्र्यंबकरावांना फार वाईट वाटत होतं, आणि लाजही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉल्टला घरी जाऊन सगळं सांगितलं. वॉल्टने भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं. मग म्हणाला, "तेरा शून्य दोन वेळ दिलेल्या गाड्या त्या वर्षी चार होत्या. चालवणाऱ्यांची नावं सांग बरं."

"एकही आठवत नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

"तू गप्प राहिलास तर कोणाला कळणार आहे?"

"कोणालाच नाही. मी आपणहून बोलणार नाही, वॉल्ट. पण थेट विचारलं तर?"

"कंपनीच्या लबाड्या विचारतील. अंतर कोण विचारतंय?"

सुरुवातीला तो म्हणाला तसंच झालं. शनिवारी क्लबच्या हॉलमध्ये साठेक माणसं जमली आणि तासभर टायर, हवा, कंपनीची लबाडी यांवर हमरीतुमरी झाली. शेवटी चिटणिसांनी त्र्यंबकरावांकडून मागून घेतलेली वही उंच धरली. "सातवी फेरी, बारा सत्त्याण्णव. मिस्टर रिसबूड, पाव मैल तुम्हीच आखलात ना? अंतर बरोबर होतं?"

निव्वळ उपचार म्हणून विचारलेला प्रश्न. टाळ्या वाजवायला लोकांनी हातसुद्धा उचलले होते. वॉल्ट शेजारच्याच खुर्चीवर होता. त्र्यंबकराव उभे राहिले.

"नाही," ते म्हणाले. "पावणेआठ फूट कमी होतं. चूक माझी. खरी वेळ तेरा शून्य दोन."

हॉलमध्ये हशा पिकला. चिटणीस मजेने मान हलवत मासिकाचं पान वर धरून म्हणाले, "सर, इथे स्पष्ट छापलंय. पाव मैल." पत्रकात लिहिणारा तरुणसुद्धा म्हणाला, की गाडीची लबाडी मी समजू शकतो, पण एवढं मोठं मासिक रस्ताच आखूड धरेल, हे काही पटत नाही. सतरा वर्षांनी आठवणी अशाच होतात, असं कोणीतरी म्हणालं. वहीचं पहिलं पान कोणी उघडून बघितलं नाही. टाळ्या पडल्या आणि फलक वॉल्टच्या हातात आला. त्यावर १२.९७ कोरलेलं होतं.

त्र्यंबकरावांचं म्हणणं खरं मानणारा त्या हॉलमध्ये एकच माणूस होता. त्याने फलक टेबलावर पालथा ठेवला, टोपी घातली आणि त्यांच्याकडे न बघता तो बाहेर निघून गेला.