गोदूबाईच्या चपला

दत्ताराम हर्णैचा. वडिलांची मासेमारीची होडी तोच चालवतो. सुट्ट्यांच्या दिवसांत जाळी उतरवून ठेवतो आणि लोकांना सुवर्णदुर्ग दाखवायला नेतो. माझी उमेदीची वर्षं चिरेखाणीत गेली, त्यामुळे माणूस काम कसं करतो ते मी आधी बघतो. दत्ताराम होडी ढकलताना कंबर वाकवत नाही, गुडघे वाकवतो. नांगर फेकत नाही, सोडतो. आणि तो ओरडत नाही.

किल्ल्याला धक्का नाही. होडी उथळ पाण्यात थांबते आणि माणसं खडकांवरून चालत जातात. शेवाळावर चप्पल घसरते, म्हणून चपला होडीतच ठेवायच्या, हा त्याचा नियम. किल्ल्यात काटे टोचतात म्हणून लोक कुरकुरतात. तो ऐकत नाही. परतताना चपलांचा जोड उरला की माणूस मागे राहिलं, असं तो धरतो. तोवर त्याचं कधी चुकलं नव्हतं.

गेल्या माघात मिरजोळ्याहून आमच्या वाडीची माणसं टेम्पो करून तिकडे गेली. माझी शेजारीण गोदूबाई आणि तिची सून योगिनी बरोबर होत्या. गोदूबाई सत्तरीची, माहेर मासेमारीचं. किल्ल्यात फिरणं तिला झेपेना. आम्ही तिला दरवाजाखाली, वाटेच्या बाजूला आडोशाच्या एका खडकावर बसवून आत गेलो.

परतलो तेव्हा वारा वाढला होता, भरती लागली होती. दत्तारामने घाई केली. ज्याने त्याने आपापल्या चपला उचलल्या. एकही जोड उरला नाही, तशी त्याने होडी सोडली. पाण्याचे तुषार अडवायला होडीच्या मध्ये ताडपत्री बांधली होती, पलीकडचं दिसत नव्हतं. पुढे बसलेल्या योगिनीला वाटलं, सासू मागे आहे. आम्हा मागच्यांना वाटलं, ती सुनेजवळ आहे.

हर्णैला उतरलो. वाळूत ओढून ठेवलेल्या एका होडीच्या सावलीला चपलांचा जोड होता, अंगठा लाल दोऱ्याने शिवलेला. योगिनी तो बघून खालीच बसली.

"आईंच्या आहेत," एवढंच म्हणाली.

मासेमारीच्या घरांत होडी म्हणजे लक्ष्मी. जुनी माणसं चपला किनाऱ्यावर काढूनच तिच्यात पाय ठेवतात. दत्तारामची आईही तेच करायची. पर्यटकांची ने-आण करता करता त्याच्या ते लक्षातून गेलं होतं. त्याने होडी परत पाण्याकडे वळवली आणि मला म्हणाला,

"काका, होडी सांभाळायला माणूस हवा. याल?"

गेलो. खाणीत दरड सुटताना मी भीती बघितली आहे. ती एका क्षणाची असते. ही लांबत गेली. सूर्य किल्ल्यामागे गेला होता आणि तटाची सावली पाण्यावर पडली होती. गोदूबाईला जिथे बसवलं होतं, तो खडक आता दिसत नव्हता. तिथे नुसता फेस होता.

दत्तारामने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग तो ओरडला.

त्याने नांगर सोडला, वल्हं माझ्या हातात दिलं.

"होडी खडकाला लागली तर तिघंही गेलो. रेटून धरा."

तो उतरला तेव्हा पाणी छातीला लागलं. मग दिसेनासा झाला. मी वल्हं खडकाला लावून होडी मागे रेटत राहिलो. प्रत्येक लाटेला खांद्यात कळ येत होती. त्या दोघांची भीती वाटत होती. स्वतःची जास्त वाटत होती.

तो दरवाजातून बाहेर आला तेव्हा गोदूबाई त्याच्या पाठीवर होती. खडकावर तिचा डोळा लागला होता; जाग आली तेव्हा होडी दूर गेली होती, आणि पाणी चढू लागलं तशी ती दरवाजाच्या आत जाऊन बसली होती. हाका मारमारून तिचा आवाज बसला होता, म्हणून उत्तर आलं नव्हतं. तिला होडीत घेताना माझं वल्हं सुटलं आणि होडी एकदा खडकाला घासली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

होडीत बसल्यावरही तिने त्याचा दंड सोडला नाही.

"मावशी, चपला किनाऱ्यावर कशाला काढल्यास?" त्याने विचारलं.

"होडीत चपला घेऊन कोण चढतं रे?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आयशीनं शिकवलं नाय तुला?"

मशीन सुरू करताना त्याच्या हातातून दोरी दोनदा सुटली.

आता तो चपला बघत नाही. चढताना आणि परतताना प्रत्येकाचा हात स्वतः धरतो, तोंड बघतो. परवा मी पुन्हा गेलो होतो. सकाळची वेळ, समुद्र शांत. त्याने माझा हात धरून मला वर घेतलं. त्याचा तळवा घामाने भिजला होता.